काठावर बसवून पोहायला शिकवणं

मागच्या हिवाळ्यात आई आमच्याकडे विस्कॉन्सिनला आली होती. रविवारी दुपारी मी टीव्हीसमोर बसलो की तीही विणकाम घेऊन बसायची. अमेरिकन फुटबॉल तिला कळत नव्हता, पण माणसं ती बरोबर टिपायची. तिसऱ्या रविवारी तिनं विचारलं, "तो टोपीवाला पोरगा गेले तीन आठवडे नुसता उभा आहे. त्याला कधी घेणार?" मी सांगितलं, तो बॅकअप क्वार्टरबॅक आहे, पहिल्याला लागलं तरच त्याला घेतील. "मग तोवर तो करतो काय?" म्हटलं, शिकतो. "उभं राहून?" असं म्हणून ती पुन्हा सुयांकडे वळली.

त्या दोन शब्दांवर मी बरेच दिवस विचार करतोय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू ज्याच्या हातात येतो तो माणूस. दोन चालींमधल्या चाळीस सेकंदांत प्रशिक्षक त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओवरून चाल सांगतात. घड्याळात पंधरा सेकंद उरले की रेडिओ बंद होतो आणि पुढचं सगळं त्याचं त्यानं बघायचं. समोरचे अकरा जण कसे उभे आहेत, कोण खरंच अंगावर येणार आणि कोण नुसतं सोंग करतोय हे ओळखायचं, गरज पडली तर चाल बदलायची, चेंडू घ्यायचा आणि अडीच-तीन सेकंदांत तो कुणाकडे फेकायचा हे ठरवायचं. तेवढ्यात सव्वाशे किलोची माणसं त्याच्या रोखानं निघालेली असतात. एनएफएल या इथल्या व्यावसायिक लीगमध्ये बत्तीस संघ आहेत, म्हणजे हे काम एका वेळी बत्तीस जणांना मिळतं, आणि माझ्या मते त्यातल्या निम्म्यांनाही ते नीट जमत नाही.

दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ पाळीपाळीनं कॉलेजातले खेळाडू निवडतात, तेव्हा त्यात एक तरी असा मुलगा असतो. हात तोफेसारखा, पाय हरणासारखे, वय वीस-एकवीस, पण कॉलेजात फारसा खेळलेला नाही. इथं त्याला 'रॉ' म्हणतात, आपण कच्चा म्हणू. त्याचं नाव पुकारलं की त्याच संध्याकाळी वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, लगेच खेळवा. दुसरा म्हणतो, दोन-तीन वर्षं अनुभवी माणसामागे बसवा, बघून बघून शिकेल. मला दोन्ही पक्ष चुकीच्या जागी भांडताना दिसतात. आमच्या गावी विहिरीत पोरांना पोहायला शिकवायचे तेव्हा पाठीला रिकामा डबा बांधायचे आणि दोर धरून कुणीतरी मामा-काका वर उभा असायचा. काठावर बसून कुणी पोहायला शिकल्याचं मला आठवत नाही. डब्याशिवाय ढकललेला एक जण मात्र आठवतो. पन्नाशीतही तो कोकणात गेला की समुद्राकडे पाठ करून बसतो. एनएफएलनं गेल्या पंधरा-वीस वर्षांत हा डबाच काढून टाकला आहे. राहिलेत ते काठ आणि पाणी, आणि भांडण चालतं ते या दोहोंतलं काय निवडायचं यावर.

बसवा म्हणणाऱ्यांचं आवडतं उदाहरण ॲरन रॉजर्सचं. ते खरोखर नीट बघण्यासारखं आहे, कारण त्यात माणसं तीच आहेत आणि वागणूक दोन तऱ्हांची आहे. २००५च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सकडे होता. रॉजर्स उत्तर कॅलिफोर्नियातच वाढलेला, बर्कलीत शिकलेला, लहानपणापासून याच संघाचा चाहता. संघानं त्याला सोडून युटाच्या ॲलेक्स स्मिथला घेतलं. रॉजर्स कॅमेऱ्यांसमोर चार तासांहून जास्त वेळ ताटकळत बसला आणि शेवटी चोविसाव्या क्रमांकावर आमच्या विस्कॉन्सिनच्या ग्रीन बे पॅकर्सनी त्याला उचललं. तिथं ब्रेट फार्व हा मुरलेला क्वार्टरबॅक होता. म्हणजे जागा रिकामी नव्हती.

स्मिथला ड्राफ्टच्या दिवशी एकविसावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. त्याच वर्षी त्याला मैदानात उतरवलं. नऊ सामन्यांत त्याचा एक टचडाउन पास झाला, म्हणजे थेट गुण मिळवून देणारा, आणि अकरा इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी झेललेले पास. त्याच्या आक्रमणाची आखणी करणारे कोऑर्डिनेटर होते माइक मॅकार्थी. हंगाम संपला आणि मॅकार्थी ग्रीन बेला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. ज्या रॉजर्सला त्यांच्या संघानं नाकारलं होतं, तोच आता त्यांच्या हाताखाली आला. इकडे स्मिथच्या पहिल्या चार हंगामांत चार कोऑर्डिनेटर झाले. मॅकार्थी, मग नॉर्व्ह टर्नर, मग जिम हॉस्टलर, मग माइक मार्ट्झ. नवा कोऑर्डिनेटर येणं म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. चालींची नावं बदलतात, पावलांचा हिशेब बदलतो, पहिली नजर कुणाकडे टाकायची तो क्रम बदलतो. दरवर्षी शाळेचं माध्यमच बदलावं तसं ते आहे. मुलगा मराठीत पाढे पाठ करतो, पुढच्या वर्षी ते कन्नडमध्ये म्हणायचे, त्याच्या पुढच्या वर्षी तमिळमध्ये. मग लोक म्हणतात, पोराचं गणित कच्चं आहे.

रॉजर्स तीन वर्षं बसला. त्या तीन हंगामांत त्यानं खऱ्या सामन्यांत मिळून ५९ पास टाकले. २००८ साली तो पहिला क्वार्टरबॅक झाला आणि फेब्रुवारी २०११मध्ये त्यानं सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. यावरून लोकांनी धडा काढला की बसवलं म्हणून पिकला, जणू आढीतला आंबाच. पण त्या तीन वर्षांत काय चाललं होतं ते बघा. मॅकार्थी दर वसंतात क्वार्टरबॅकांची वेगळी शाळा भरवत. हंगाम संपलेला, सामने नाहीत, घाई नाही. पावलं, हाताची उंची, फिल्म बघणं, पुन्हा पावलं. रॉजर्सला चेंडू कानापाशी उंच धरायची कॉलेजातली सवय होती, ती तिथं मोडली गेली. २००७च्या नोव्हेंबरात डॅलसमध्ये फार्वला लागलं आणि रॉजर्स मैदानात आला, तेव्हा त्यानं २६ पैकी १८ पास जोडले. सामना हरला, पण पॅकर्सना जे समजायचं होतं ते समजलं. त्याला घडवलं त्या शाळेनं, बाक फक्त बसायला होता.

आणि ही शाळा आता भरवता येत नाही. २०११ साली मालकांनी टाळेबंदी केली, त्यातून खेळाडूंच्या संघटनेशी नवा करार झाला. त्यात हंगामाबाहेरचा सराव चौदा आठवड्यांवरून नऊ आठवड्यांवर आला, दिवसातून दोनदा पूर्ण सराव बंद झाला, हंगामात अंगावर पॅड घालून करायचे सराव चौदावर बांधले गेले. यामागचं कारण चांगलं होतं. या खेळात डोक्याला बसणारे मार माणसाचं उरलेलं आयुष्य खातात हे तोवर स्पष्ट झालं होतं, आणि सराव कमी झाला तो त्या माणसांच्या जिवासाठी. त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. पण नियम लिहिताना दर चालीत धडका घेणारे लाइनमन आणि क्वार्टरबॅक एकाच मापानं मोजले. वसंतातली ती शाळा त्यात गेली, आणि तिच्यात कुणाच्या डोक्याला मार बसत नव्हता.

आता आजचा कच्चा बॅकअप आठवडाभर काय करतो ते पाहू. बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे सरावाचे मुख्य दिवस. पहिल्या क्वार्टरबॅकला रविवारी खेळायचं असतं, म्हणून आपल्या संघाच्या चालींचे जवळजवळ सगळे रेप्स, म्हणजे सरावातल्या फेऱ्या, त्याला जातात. बॅकअप असतो स्काउट टीमवर. म्हणजे येत्या रविवारी समोर असणाऱ्या संघाची नक्कल करायची. सहायक प्रशिक्षक पुठ्ठ्यावर काढलेलं चालीचं चित्र दाखवतो, ते बघून त्यानं तसं खेळायचं, म्हणजे आपल्या बचावफळीला सराव होईल. चाल दुसऱ्यांची, शब्द दुसऱ्यांचे, आणि चेंडू कुठं फेकायचा तेही बऱ्याचदा चित्रातच ठरलेलं. विचार करायची, निर्णय घ्यायची जी सवय त्याला लावायची आहे, नेमकी तीच या कामात लागत नाही. संध्याकाळी तो बैठकीत बसतो आणि पहिल्या क्वार्टरबॅकनं फेकलेल्या पासांची फिल्म बघतो. दुसऱ्याच्या वह्या वाचून परीक्षेची तयारी करावी तसं हे आहे, आणि परीक्षेची तारीख दुसऱ्याच्या घोट्यावर अवलंबून.

जॉर्डन लव्हचं पाहा. २०२०मध्ये पॅकर्सनी वर सरकून सव्विसाव्या क्रमांकावर त्याला घेतलं, तेव्हा रॉजर्स छत्तीस वर्षांचा होता आणि संघ नुकताच सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे हरला होता. इथल्या लोकांनी त्या रात्री जे काही म्हटलं ते इथं छापण्यासारखं नाही. रॉजर्स पेटला आणि पुढची दोन्ही वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोविडमुळे त्या वर्षी सराव-सामने झालेच नाहीत, आणि लव्ह संपूर्ण हंगामात एकदाही सामन्याच्या यादीत नव्हता. त्याचा पहिला खरा सामना नोव्हेंबर २०२१मध्ये कॅन्सस सिटीत झाला, तोही रॉजर्सला कोविड झाला म्हणून. पॅकर्स १३-७ हरले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक सहकारी म्हणाला, "पहिल्या फेरीची निवड वाया." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, हे कबूल करतो.

पुढं २०२२मध्ये पॅकर्सनी एक गोष्ट केली जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. रॉजर्सच्या उमेदवारीच्या काळात क्वार्टरबॅकांना शिकवणारे टॉम क्लेमेंट्स निवृत्त झाले होते, त्यांना परत बोलावलं. त्या वर्षी नोव्हेंबरात फिलाडेल्फियात रॉजर्स जायबंदी होऊन बाहेर गेला आणि लव्ह आला, तेव्हा पाऊल टाकण्यापासून सगळं बदललेलं दिसत होतं. नऊपैकी सहा पास, ११३ यार्ड, त्यात ६३ यार्डांचा एक टचडाउन. २०२३ साली तो पहिला झाला. सुरुवातीला तोही चाचपडला, संघ ३-६वर, म्हणजे तीन विजय आणि सहा पराभवांवर होता, पेपरवाले सरण रचत होते. शेवटच्या आठ सामन्यांत त्याचे १८ टचडाउन आणि एक इंटरसेप्शन. मग डॅलसला त्यांच्या घरी ४८-३२ हरवलं. म्हणजे तिसऱ्या वर्षी शिक्षक भेटला आणि चौथ्या वर्षी, संघ हरत असतानाही, सलग खेळायला मिळालं. पहिली दोन वर्षं गेली ती गेलीच.

आता दुसरं टोक. २०२१मध्ये फोर्टीनायनर्सनी ट्रे लान्सला तिसऱ्या क्रमांकावर घेण्यासाठी मायामीला पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या, वर तिसऱ्या फेरीची एक. लान्स नॉर्थ डकोटा स्टेटचा. त्याचा एकच पूर्ण हंगाम झालेला, २०१९चा, त्यात २८ टचडाउन पास आणि इंटरसेप्शन शून्य. २०२०च्या शरदात कोविडपायी त्याला एकच सामना मिळाला. सगळं कॉलेज मिळून ३१८ पास. अशा मुलाला खेळायची भूक नव्हे, खेळण्याचं कुपोषण होतं. संघानं त्याला जिमी गरोपोलोमागे बसवलं. २०२२मध्ये खेळवायचं ठरवलं, तर दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. दोन वर्षांत चार सामने सुरुवातीपासून, १०२ पास, आणि ऑगस्ट २०२३मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला रवानगी. त्याची जागा घेतली ब्रॉक पर्डीनं. २०२२च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा. पर्डीच्या हातात तोफ नव्हती, पण आयोवा स्टेटमध्ये चार वर्षांत त्यानं चौदाशेहून जास्त पास टाकले होते.

इथं पॅट्रिक महोम्सचं नाव निघणारच. २०१७मध्ये दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीत आला, वर्षभर बसला, पुढच्या वर्षी ५० टचडाउन पास टाकून लीगचा सर्वोत्तम खेळाडू. बसवा म्हणणाऱ्यांचा हा हुकमाचा एक्का. पण महोम्स टेक्सस टेकमध्ये तेराशेहून जास्त पास टाकून आला होता. एका सामन्यात तर ७३४ यार्ड. त्याच्याकडे खेळण्याचा साठा उदंड होता, शिस्त कमी होती. वर्षभराच्या बैठकांनी शिस्त येऊ शकते, साठा येऊ शकत नाही. लान्सचं दुखणं वेगळं होतं आणि औषध त्याला महोम्सचं दिलं गेलं. सगळ्या कच्च्यांना एकच शब्द वापरला की असं होतं.

महोम्सच्या पुढं त्या वर्षी कोण होतं, ठाऊक आहे? ॲलेक्स स्मिथ. तोच, एक टचडाउन आणि अकरा इंटरसेप्शनवाला. मधल्या काळात तो सावरला होता. जिम हार्बॉ प्रशिक्षक झाल्यावर २०११मध्ये फोर्टीनायनर्स तेरा सामने जिंकून सुपर बोलच्या उंबऱ्यापर्यंत गेले. पुढच्या वर्षी त्याला डोक्याला मार बसला, जागा कॉलिन कॅपर्निकनं घेतली, आणि त्याला कॅन्सस सिटीला धाडलं. २०१७मध्ये आपली जागा घ्यायला आणलेल्या पोराला त्यानं आपल्या तयारीत सामील करून घेतलं, आणि महोम्सनं ते ऋण वेळोवेळी बोलून दाखवलं आहे. स्मिथचा स्वतःचाही तो सर्वांत चांगला हंगाम होता. पण लीगचा कारभार कुणाच्या मोठ्या मनावर टाकता येत नाही. तरुण पोराला शिकवणं हे अनुभवी खेळाडूच्या करारात नसतं, आणि त्यानं नाही शिकवलं तर मी त्याला दोष देणार नाही. स्वतःची खुर्ची कापायला करवत कुणी हातात देत नाही. स्मिथनं दिली, हा त्याचा मोठेपणा.

कॅन्सस सिटीनं आणखी एक शहाणपण केलं. त्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यावर त्यांचं काहीच अवलंबून नव्हतं, म्हणून ३१ डिसेंबरला डेन्व्हरमध्ये त्यांनी स्मिथला विश्रांती देऊन महोम्सला उतरवलं. त्याला आठवडाभर आधी माहीत होतं, आठवडाभराचे रेप्स त्याला मिळाले. सामना हातात आला म्हणून त्याला बाहेर काढलं, तर दुसऱ्यानं घोळ घालून बरोबरी ओढवून घेतली, आणि पुन्हा महोम्सला पाठवावं लागलं. त्यानं संघ पुढं नेला आणि २७-२४ जिंकून दिलं. ही झाली डबा बांधून मारलेली उडी.

खेळवा म्हणणाऱ्यांकडेही मोठी नावं आहेत. पेटन मॅनिंगनं १९९८च्या पहिल्या हंगामात २८ इंटरसेप्शन दिले, नवख्याचा तो विक्रम आहे, संघ ३-१३. पुढच्या वर्षी तोच संघ १३-३. जॉश ॲलन तर अक्षरशः कच्चा होता. वायोमिंगहून आलेला, २०१८मध्ये पहिल्याच वर्षी खेळायला लागला. पास जुळण्याचं प्रमाण ५२.८ टक्के, दुसऱ्या वर्षी ५८.८, तिसऱ्या वर्षी ६९.२. असा चढ मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. मग बसवणं कशाला?

या दोघांमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसते. मॅनिंगला टॉम मूर हे कोऑर्डिनेटर दशकभर लाभले. ॲलनला पहिली चारही वर्षं ब्रायन डेबोल, आणि तिसऱ्या वर्षी संघानं स्टेफॉन डिग्ससारखा पास झेलणारा आणून दिला. दोघांनी पाण्यात गटांगळ्या खाल्ल्या, पण वर दोर धरलेला माणूस बदलला नाही. स्मिथच्या वेळी तो दरवर्षी बदलत होता. माझ्या हिशेबात मुलगा बाकावर होता की मैदानात, याहून हे जास्त मोलाचं आहे.

डोराविना पाणी म्हणजे काय ते अँथनी रिचर्डसननं भोगलं. फ्लोरिडात सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त तेरा. २०२३मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनी चौथ्या क्रमांकावर घेतला आणि पहिल्याच रविवारी उतरवला. पाचव्या आठवड्यापर्यंत आधी डोक्याला मार, मग खांदा, शस्त्रक्रिया, हंगाम संपला. २०२४मध्ये पास जुळण्याचं प्रमाण ४७.७ टक्के. ह्यूस्टनमधल्या एका सामन्यात दमलो म्हणून एका चालीपुरता तो स्वतः बाहेर आला आणि देशभर गहजब झाला. पुढच्या दोन सामन्यांत त्याच्या जागी एकोणचाळीस वर्षांचा ज्यो फ्लॅको. मग पुन्हा रिचर्डसन. २०२५च्या ऑगस्टमध्ये डॅनियल जोन्सनं त्याची जागा घेतली. त्याचं त्या दिवशी बाहेर येणं मलाही आवडलं नव्हतं. पण खेळवा, बसवा, पुन्हा खेळवा या धरसोडीत बावीस वर्षांचा मुलगा नेमकं काय शिकणार होता, हे त्या संघानं सांगितलेलं मी ऐकलं नाही.

'कच्चा' या शब्दाबद्दलही एक सांगायला हवं. तो शब्द कुणाला चिकटतो याला या देशात इतिहास आहे. वॉरन मून या काळ्या क्वार्टरबॅकला १९७८मध्ये एनएफएलच्या एकाही संघानं ड्राफ्टमध्ये घेतलं नाही. दुसऱ्या जागेवर खेळ, असा सल्ला मिळाला. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथं सलग पाच वेळा तिथल्या लीगचा ग्रे कप जिंकला, मग परत येऊन २००६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचलेला पहिला काळा क्वार्टरबॅक झाला. चाळीस वर्षांनी, २०१८मध्ये, लमार जॅक्सनलाही पास झेलणारा हो असं सुचवलं गेलं. पुढच्याच वर्षी तो एकमतानं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लान्स आणि रिचर्डसनच्या अनुभवाचे आकडे खरोखर कमी होते, ते मी वर दिलेत. तरी एखाद्याच्या पायांचं कौतुक करता करता डोक्याबद्दल शंका काढली जाते तेव्हा मी कान टवकारतो.

संघ अशी घाई का करतात? पैशासाठी. २०१०चा पहिला क्रमांक सॅम ब्रॅडफर्ड, त्याचा करार सहा वर्षं आणि ७.८ कोटी डॉलरचा. २०११च्या करारानं नवख्यांचे पगार बांधले, आणि त्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे २.२ कोटी मिळाले. वाटलं असतं की पोरगं स्वस्त झालं म्हणजे धीर वाढेल. झालं उलटं. क्वार्टरबॅक स्वस्त असलेली ती चार वर्षं हीच आता संघाची सुगी. तेवढ्या काळात वाचलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करायचा आणि जिंकायचं. पॅकर्सनी लव्हची तीन स्वस्त वर्षं बाकावर घालवली आणि २०२४मध्ये चार वर्षांसाठी २२ कोटी डॉलर मोजले. वर्षाला साडेपाच कोटी, जेव्हा संपूर्ण संघाच्या पगाराची मर्यादा होती साडेपंचवीस कोटी. हा हिशेब बघून दुसरा कुठला मालक धीर धरेल? त्यात प्रशिक्षकाची नोकरी दोन हंगाम हरला की जाते. तीन वर्षांनी पिकणारं झाड तो कशाला लावील? आंबे उतरवायला दुसराच येणार.

म्हणून हे प्रशिक्षकांच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही, लीगनंच सोय करायला हवी. पूर्वी ती होती. एनएफएल युरोप नावाची वसंतातली लीग होती. कर्ट वॉर्नर १९९८मध्ये ॲमस्टरडॅमकडून खेळला आणि १९९९च्या हंगामात सेंट लुइस रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला. ब्रॅड जॉन्सन लंडनकडून खेळला होता, त्यानंही पुढं टॅम्पा बेकडून सुपर बोल जिंकला. जेक डेलोम युरोपातूनच आला आणि कॅरोलायनाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. २००७मध्ये ती लीग बंद केली. मग २०२१मध्ये मुख्य हंगाम सतरा सामन्यांचा करताना सराव-सामने चारांवरून तीनवर आणले. प्रेक्षकांना ते कंटाळवाणे वाटतात हे खरं, मलाही वाटतात, पण कच्च्या बॅकअपला खरा विरोधक दिसायचा तो तिथंच. बेसबॉलला खालच्या लीगांची अख्खी उतरंड आहे, हॉकीला आहे, बास्केटबॉललाही आहे. या देशातला सर्वांत श्रीमंत खेळ मात्र शिकवायचं काम कॉलेजांवर टाकून मोकळा होतो, आणि कॉलेजच्या प्रशिक्षकाला या शनिवारी जिंकायचं असतं.

माझं म्हणणं अवाजवी नाही. वसंतात यूएफएल नावाची स्वतंत्र लीग २०२४पासून चालते, पण एनएफएलशी करारात असलेला क्वार्टरबॅक तिथं उसना पाठवण्याची सोय नाही. ती करा. दहा सामने, अनोळखी बचाव, आणि निर्णय स्वतःचे. दुसरं, प्रत्येक संघाला एका तरुण क्वार्टरबॅकसाठी त्रेपन्न खेळाडूंच्या मुख्य यादीबाहेरची एक राखीव जागा द्या, जिथून दुसरा संघ त्याला पळवू शकणार नाही. आज सराव-पथकात ठेवलेला मुलगा कुणीही उचलू शकतो, म्हणून संघ एक तर त्याला मुख्य यादीत अडकवून ठेवतात किंवा ठेवतच नाहीत. आणि तिसरं, वसंतातली ती शाळा परत सुरू करा, पहिल्या तीन वर्षांतल्या क्वार्टरबॅकांपुरती.

संघांनीही थोडं शिकावं. मलिक विलिसला टेनेसीनं कच्चा म्हणून घेतलं आणि कच्चा म्हणूनच सोडलं. ऑगस्ट २०२४मध्ये पॅकर्सनी त्याला सातव्या फेरीच्या निवडीत आणलं, आणि साओ पाउलोतल्या पहिल्याच सामन्यात लव्हचा गुडघा दुखावला. विलिसला येऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते. पॅकर्सचे प्रशिक्षक मॅट लफ्लूर यांनी त्याच्यासाठी प्लेबुकाची, म्हणजे चालींच्या वहीची, पानं कमी केली. कोल्ट्सविरुद्ध पॅकर्स त्रेपन्न वेळा चेंडू घेऊन धावले, पास फक्त चौदा, त्यातले बारा जुळले, सामना १६-१० जिंकला. पुढच्याच आठवड्यात त्याला सोडून देणाऱ्या टेनेसीला त्यांच्याच मैदानात ३०-१४. त्या रविवारी आमच्या इमारतीत कुणाच्या तरी घरातून इतका आरडाओरडा झाला की खालच्या बाईंनी पोलीस बोलवायचं मनात आणलं होतं. घर आमचंच होतं.

मी मागितलेल्या तीन गोष्टींपैकी शाळेला सर्वांत जास्त विरोध होईल तो खेळाडूंच्या संघटनेकडून. एकदा दार किलकिलं केलं की मालक हात आत घालतात, हा त्यांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. पण सरावात क्वार्टरबॅकच्या अंगात वेगळ्या रंगाची जर्सी असते, बहुतेक संघांत लाल. त्याला हात लावायचा नाही असा तिचा अर्थ. वसंतातल्या शाळेत तर समोर कुणी नसतंच, एक प्रशिक्षक, एक जाळी आणि चेंडूंची पिशवी. तिथं पोरानं महिनाभर जास्त पास टाकले तर नेमकं कुणाचं काय मोडणार आहे, एवढं संघटनेनं सांगावं.